आचाऱ्याचं नाक

हॉटेलच्या भटारखान्यात सगळे त्याला 'नाकवाले' म्हणायचे. पातेल्याचं झाकण न उचलता आत काय कच्चं राहिलंय, हे तो लांबूनच सांगायचा. "हा गडी खरोखरच नाकाने कांदे सोलतो," अशी तिथे थट्टा चाले आणि तोही हसायचा. कांदे तर होतेच. कांदा, गाजर आणि सेलरीचे देठ बारीक चिरायचे आणि लोण्यात मंद आचेवर, रंग न बदलू देता, हळूहळू मऊ करायचे. या फ्रेंच पद्धतीच्या पायाला मिरप्वा म्हणतात. तिथलं प्रत्येक सूप त्याच्यावरच उभं राहायचं, आणि ते काम त्याने कधी दुसऱ्याच्या हाती सोपवलं नाही.

एका हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. सकाळची कॉफी नुसतं गरम पाणी वाटू लागली. "येईलही परत, नाहीही येणार," डॉक्टर म्हणाले. त्याने ही गोष्ट बायकोलाही कळू दिली नाही. रंग बघून, बोटाने दाबून तो वेळ मारून नेत राहिला.

मग एका दुपारी, पाठ वळलेली असताना, पातेल्यातला मिरप्वा तळाला लागला. त्याला पत्ताच नाही. त्यावरच त्याने सूप केलं आणि ते बाहेर गेलं. थोड्या वेळाने भरलेल्या वाट्या तशाच आत आल्या.

मालक थेट भांडी घासणाऱ्या बाईवर घसरला. "पातेलं असं घासतात? उद्यापासून येऊ नकोस!"

आचारी क्षणभर गप्प राहिला. त्या एका क्षणाची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस पुरली. मग तो म्हणाला, "तिला बोलू नका. पातेलं मी करपवलंय. मला वास येत नाही."

"कधीपासून?"

"तापापासून."

मालक स्टुलावर बसला. आचाऱ्याने अंगातला एप्रन काढला, नीट घडी घालून ओट्यावर ठेवला आणि घरी आला.

बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा ती रागावली नाही. पण दुखावली. "मला परकी समजलात?"

"तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं गं," तो म्हणाला.

त्यानंतर तो खिडकीशी बसून राहायचा. स्वयंपाकघराकडे फिरकायचासुद्धा नाही. पानात पडेल ते मुकाट्याने गिळायचा. तिने बरेच दिवस कळ काढली. मग एके सकाळी तिने कांदे, गाजरं आणि सेलरीची जुडी त्याच्यापुढे आणून ठेवली.

"तुमचा तो मिरप्वा शिकवा मला."

"घरी कशाला?"

"जन्मभर लोकांना खाऊ घातलंत. घरी आलात की म्हणायचात, हात भरून आलेत. आता तरी घाला की."

त्याने सुरी घेतली. हात काही विसरले नव्हते. "कांदा दोन वाट्या, गाजर एक, सेलरी एक. तुकडे सगळे सारखे, नाहीतर एक शिजतो नि दुसरा कचकचतो." लोणी वितळलं, भाजी पडली. ती पातेल्यावर वाकली.

"काय येतंय?" त्याने विचारलं.

"कांदा. डोळ्यांत जातोय."

"थांब. आच कमी कर." थोड्या वेळाने, "आता?"

"हिरवट काहीतरी. ओल्या गवतासारखं."

"ती सेलरी. अजून व्हायचंय."

तो कान देऊन उभा होता. भाजीला पाणी सुटून चरचर मंदावली होती. मग तीही बसली आणि नुसती कुजबुज उरली. कांदा काचेसारखा झाला होता. "आता गोडसर वास येत असेल," तो म्हणाला.

त्याने वळून पाहिलं, तर तिने पदर डोळ्यांना लावला होता.

"काय झालं? करपलं का?"

"नाही हो. हा तर तुमच्या शर्टाचा वास. इतकी वर्षं मी हाच धुतेय, आणि मला वाटायचं तो तुमचाच."

त्याने गॅस बंद केला.

वास पुढे कधीच परतला नाही. मालकाने निरोप धाडला, तरी तो हॉटेलात गेला नाही. भांडीवाल्या बाईची नोकरी टिकली, एवढं मात्र त्याने विचारून घेतलं. आता आठवड्यातून एकदा तो भाजी चिरतो, बायको पातेल्याशी उभी राहते, आणि उरलेला मिरप्वा लहान डब्यांतून फ्रीजरमध्ये जातो. जेवताना तो विचारतो, "कसा येतोय गं वास?" ती घास खाली ठेवते आणि सांगू लागते. कधी दोन शब्दांत भागतं, कधी सूप निवून जातं.