अप्पांचं गार पाणी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोराला नाही. देवापुढं बसले तरी हे एवढं सोडून बाकी सगळं सांगते — जसं काही त्याला ठाऊकच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाहीत. उद्या सकाळी मला तुमचं तोंड बघायचं नाही.

गोष्ट थंडीची आहे. थंडीची कसली गोष्ट, म्हणाल. आमच्या भालकी तालुक्यात थंडी असते तरी कुठं? संक्रांतीच्या आगंमागं चार दिवस शाल, आणि दुपारी परत पंखा. स्वेटर पेटीत पडून असतो, आहेरातल्या न आवडलेल्या लुगड्यासारखा. पण चार वर्षांमागं एकदम काकडा पडला, हाडं गोठवणारी थंडी. आदल्या सांजेला आम्ही ओसरीत बसून शेंगा फोडत होतो, आणि दुसऱ्या दिवशी उठले तर खोबरेल तेलाचा बाटलीत गोळा झालेला, बोटं वळेनात. टीव्हीवर आमच्या बीदरचं नाव यायला लागलं. म्हाताऱ्या माणसांना जपा, असं तो बातम्यावाला दिवसातून दहादा सांगत होता. मी ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही मला. टीव्ही मीच लावलेला असायचा.

घरात तेव्हा दोघंच — मी आणि माझे सासरे. नवरा बीदरला नोकरीला, शनिवारी येणार. पोरगा कलबुर्गीला हॉस्टेलवर. सासऱ्यांना आमचं सगळं खटकचिंचोळी गाव अप्पा म्हणायचं, मीही अप्पाच म्हणायची. ऐंशी कधीच ओलांडलेली. त्यांनी मला कधी छळलं का? नाही. कधी टाकून बोलले का? तेही नाही. हे सांगून टाकते, म्हणजे पुढं मला पळवाट राहायची नाही.

आम्ही लिंगायत. आताची आम्ही माणसं गळ्यात लिंग घालतो आणि चहा पिऊन, भांडी घासून, सवड झाली की पूजेला बसतो. अप्पा जुने. पहाटे पाचला उठायचं, आंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, आणि मग तोंडात पाण्याचा थेंब. तोवर चहा नाही, गोळी नाही, काही नाही. अंगात ताप असला तरी हेच.

त्यांचं आंघोळीचं पाणी तापवायचं काम माझं होतं. अंगणात चूल, वर हंडा, खाली तुराट्या. आधी ते स्वतःच तापवायचे. पण हात कापायला लागले, एका डोळ्यानं दिसेना, आणि एकदा धोतराचा सोगा पेटता पेटता राहिला. त्या दिवशी मीच ओरडले होते — परत चुलीला हात लावलात तर बघा! अप्पा "बरं" म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे बरं. त्यानंतर त्यांनी चुलीजवळ पाऊल टाकलं नाही. म्हणजे बघा, त्यांच्या हातातून आगपेटी मीच काढून घेतली होती.

सांगते — सांगतेच आहे.

काकड्याचा पहिला दिवस. मला जाग आली नाही. खरंच आली नाही. उठले तेव्हा सात वाजले होते. धावत गेले तर अप्पा पूजा आटोपून बसलेले, केस ओले, ओठ निळसर. हौदातलं पाणी घेऊन न्हाले होते. मी चहा दिला, त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि बराच वेळ नुसताच धरून ठेवला. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू — वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं होतं. झालं की, मी न उठताही झालं!

दुसऱ्या दिवशी मात्र मी जागी होते. वाकळीत, गुडघे पोटाशी घेऊन. बाहेर अप्पांची काठी वाजली, दाराशी थांबली. हळूच म्हणाले, "पोरी, पाणी ठेवलीस का गं?"

मी श्वास लांब केला. झोपलेल्या माणसाचा असतो तसा. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, म्हणतात ना? अप्पांनी परत हाक मारली नाही. थोडा वेळ उभे राहिले असतील. मग काठी हौदाकडं गेली.

असं मी पाच दिवस केलं.

एक दिवस चूक म्हणता येईल. पाच दिवसांना काय म्हणायचं? तुराट्या दवानं भिजल्या होत्या, अंगणात वारं टोचत होतं — खरं आहे सगळं. पण घरात गॅस होता. आठ वाजता माझं पाणी मी त्याच गॅसवर तापवून घेत होते, वाफा येईपर्यंत. मग त्यांचं पहाटे पाचला का नाही? तर उठावं लागत होतं म्हणून. एवढंच. राग नव्हता, वैर नव्हतं. याला मोठं कारण असतं तर मला सांगायला तरी बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी शेजारच्या सुवर्णानं भिंतीवरून बघितलं. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत. ती मला बघून म्हणाली, "अक्का, अप्पा गार पाण्यानं न्हायलेत की! कसे थरथरायलेत बघा!"

आणि माझ्या तोंडून आलं — कुठून आलं कुणास ठाऊक, पण अडखळत नाही आलं — "मी किती सांगते गं, ऐकतच न्हाईत. लिंगपूजेला गारच पाणी पाहिजे म्हणतेत."

अप्पा ओसरीतच बसले होते. कान त्यांचे शेवटपर्यंत चांगले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि परत विभूतीची डबी पुसायला लागले.

खेड्यात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? सांजेपर्यंत गल्लीतली म्हातारी माणसं येऊन अप्पांच्या पायाला हात लावून गेली. ह्या वयात, ह्या थंडीत, काय ही निष्ठा! अप्पा नुसते हसत होते. मी सगळ्यांना चहा केला.

शनिवारी नवरा आला. त्याला वेशीतच कळलं होतं. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यानं विचारलं, "अप्पा, गार पाण्यानं कामून न्हायलाव?" चोराच्या मनात चांदणं. आता सांगणार, आता सांगणार.

अप्पा म्हणाले, "मलाच गार बरं वाटायलंय. तिला कायबी बोलू नको."

जन्मभर खोटं न बोललेला माणूस. बाजारात मापाला, घरात जबानीला, कशालाच नाही. त्यांच्या तोंडून मी एक खोटं काढून घेतलं, आणि तेही माझ्यासाठी. मी थंडीनं त्यांचं अंग गारठवलं, ते एक. पण हे दुसरं मला जास्त लागतं. मी तेव्हाच का नाही बोलले? नवरा समोर होता, अप्पा समोर होते. एका वाक्याचं काम होतं. मी भाकरी थापायला आत गेले.

रविवारपासून मी चारला उठून पाणी तापवायला लागले. करून करून भागली अन् देवपूजेला लागली, तशातली गत. तोवर अप्पांची छाती भरली होती. भालकीच्या दवाखान्यात आठ दिवस काढले, आणि गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. नवऱ्यानं ते धरलं. मी धरत नाही. वय तर आदल्या महिन्यातही झालेलंच होतं, आणि तेव्हा ते रोज शेतापर्यंत चालत जात होते.

समाधी देताना स्वामींनी लोकांना सांगितलं, की हाडं गोठवणाऱ्या थंडीत ह्या भक्तानं गार पाण्यानं न्हाऊन लिंगपूजा चुकवली नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. तेव्हापासून दर पुण्यतिथीला ही गोष्ट निघते. माझा पोरगा ती मित्रांना अभिमानानं सांगतो. मी पहिल्या रांगेत बसलेली असते, डोक्यावर पदर घेऊन, आणि लोक मला म्हणतात, अशा माणसाची सेवा करायला मिळाली, भाग्यवान आहेस.

मला वाटलं होतं, हे असंच राहील. माझी लाज माझ्यापाशी, गोष्ट गावापाशी.

यंदा परत काकडा पडला. परत तसाच, एका रात्रीत. तिसऱ्या दिवशी सुवर्णा आली, रडवेली. तिचे सासरे, काशप्पा काका — अप्पांचे सोबती, त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी लहान — हौदाच्या पाण्यानं न्हायला लागले होते. ती रोज पाणी तापवून ठेवते, ते हात लावत नाहीत. म्हणाली, "अक्का, तुमच्या अप्पांचं नाव घेऊन हट्टाला पेटलेत. तुम्ही सांगितल्यावर ऐकतील. तुम्ही डोळ्यानं बघितलंय सगळं."

खरं होतं तिचं. मी डोळ्यानं बघितलंय सगळं.

मी गेले. काका ऊन धरून बसले होते, नाक वाहत होतं. मी म्हटलं, काका, वय झालंय, गरम पाणी घ्या, देव रागवत नाही. काका हसले. "तुझ्या सासऱ्याला जमलं, मला जमत न्हाई व्हय?"

सांगायचं होतं एवढंच — काका, त्यांनाही गरमच पाणी पाहिजे होतं. दारात येऊन मागितलं होतं. मी दिलं नाही. तीन वाक्यं. सुवर्णा दाराशी उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत. मी घरी जाऊन गुळाचे दोन खडे आणून दिले त्यांना, छातीला बरे म्हणून, आणि परत आले.

ह्याला आठ दिवस झाले. आज सकाळी सुवर्णा भिंतीशी आली आणि म्हणाली, "आजबी गारच घेतले, अक्का. रातभर खोकायलेत."

मी म्हटलं, आलं ठेचून घाल, काढा कर, आणि तुळशीची चार पानं टाक. ती बरं म्हणून गेली.