मामांच्या रेडिएटरचं पाणी

पाणी संपू शकतं यावर माझ्या बायकोच्या मामांचा उभ्या आयुष्यात विश्वास बसला नाही आणि त्यापायी माझ्या सगळ्या किरकोळ रजा संपल्या. मामांनी मालवण बंदरात चाळीस वर्षं मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त केली. लाँचीच्या इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचं पाणी एका बाजूने आत येतं, दुसऱ्या बाजूने बाहेर जातं. समुद्र संपला अशी तक्रार घेऊन त्यांच्याकडे कधी कोणी आलं नव्हतं. अशा माणसाने निवृत्तीनंतर एक जुनीपुराणी मोटरहोम विकत घेतली. कोणा हौशी माणसाने मिनीबसमध्ये पलंग, शेगडी आणि बेसिन बसवून तिचं घर केलं होतं. घर ठीक होतं, रेडिएटर गळका होता. मी तो दाखवला तर मामा म्हणाले, “इंजिनान आपला पाणी आपणच घेवन फिरूचा? माणूस काय पाठीर विहीर बांधून फिरता?”

गाडी हौसेसाठी घेतली नव्हती, म्हणून तर मला रागावताही येत नसे. मामींची थोरली बहीण कारवारला असते आणि ती हळूहळू माणसं विसरत चालली होती. आधी शेजारी गेले, मग सुना, मग नातवंडं. मामी दर रविवारी फोन लावत, तिने आवाजावरून ओळखलं की आठवडा सुखाचा जाई. “ताई माका वळाखता तवसर माका थय पोचाक व्हया,” ताई ओळखतेय तोवर तिथे पोचायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण मामींची कंबर अशी, की अर्धा तासही बसवत नाही. निजून जायचं तर पलंगाची गाडी हवी. मी रुग्णवाहिका सुचवली. मामा म्हणाले, “बहिणीक भेटूक जाता ती. मेल्यासारी कित्याक जायत?”

पहिल्या खेपेला कारवारला निघालेली गाडी कट्ट्याच्या बाजारात वाफ सोडत उभी राहिली. मी ओरोसला सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो, म्हणजे मामांच्या वाटेवरच, हा माझ्या पत्रिकेतला दोष. “जावयांनू, गाडी रडता,” असा फोन आला की मी स्कूटरला पाण्याचे कॅन बांधून निघायचो. नवा रेडिएटर घाला, असं मी हात जोडून सांगितलं. ‘मामीच बदला’ असं म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बंदरात काहीही बदलत नसत, सगळं बुजवत. त्यांनी भोकाला साबण लावला, हळद भरली, शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून अंड्याचा पांढरा बलक रेडिएटरमध्ये ओतला. त्या खेपेला गाडी आमच्या कचेरीच्या दारात बंद पडली आणि आवारभर आम्लेटचा वास सुटला. साहेबांनी बाहेर येऊन विचारलं, “कोणाची गाडी ही?” मी म्हटलं, कल्पना नाही. तेवढ्यात खिडकीतून हाक आली, “जावयांनू, पाणी हाडा.”

तिसऱ्या खेपेला मामांनी फणसाचा चीक वापरला. होडीची फट ज्याने बुजते त्याने रेडिएटर बुजणारच, या हिशेबाने त्यांनी तो गरम करून बाहेरून लावला आणि उरलेला आतही ओतला. रेडिएटरची सगळी भोकं बुजली. ज्या बारीक नळ्यांतून पाणी फिरायचं त्याही बुजल्या. इन्सुलीच्या नाक्यावर मी पोचलो तेव्हा इंजिनातून काळा धूर निघत होता आणि मामा अभिमानाने सांगत होते, “एक थेंब गळाक नाय.” आत पलंगावर मामी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी मात्र रस्त्यावर उभा राहून मामांना नको नको ते बोललो.

इंजिन उघडून गाडी दोन महिने गॅरेजात पडली. त्यातल्या एका रविवारी फोन ठेवून मामी म्हणाल्या, “आज नाव दोनदा सांगूचा लागला.” दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, गॅरेजात ठिय्या दिला आणि नवा रेडिएटर बसवून घेतला. मामांनी एका शब्दाने अडवलं नाही.

कारवारपर्यंत गाडी मी चालवली. वाटेत काहीसुद्धा झालं नाही. इतका सोपा तो रस्ता होता.

बहिणीने मामींकडे बराच वेळ पाहिलं, गोड हसली आणि विचारलं, “तू खंयची गो बाय?” मामी म्हणाल्या, “हयचीच. बाजूच्या घरातली.” मग त्यांनी तिची वेणी सोडली आणि सावकाश पुन्हा घालायला घेतली.

मामा कधी उठून गेले ते कळलं नाही. बाहेर येऊन पाहिलं तर गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि ते कॅनने रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. रेडिएटर काठोकाठ भरलेला, पाणी वरून वाहून त्यांच्या चपलांवर पडत होतं.

“मामा, भरलाय तो.”

“माका ठावक आसा,” ते म्हणाले. हात थांबला नाही.

इतक्या खेपांचा राग मी कारवारपर्यंत जपून नेला होता. लवकर बदलला असता तर, हे वाक्य अगदी ओठावर होतं. पण त्या पाठमोऱ्या माणसाची मला इतकी माया आली, की ते बोलवेना. त्यांचा कॅन रिकामा होत आला होता. मी विहिरीवर जाऊन दुसरा भरून आणला.