सातवा प्रश्न

शेडमास्तरांनी आयुष्यात एकच मुलाखत दिली होती आणि तीही जिन्यात. सव्वीस वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्याचे मालक वरून खाली येत होते, हे खालून वर चालले होते. मालकांच्या हातात हिरव्या रंगाच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "यातली जास्त पिवळट कुठली?" हे म्हणाले, "डावी. पण दोन्ही ओल्या आहेत, वाळल्यावर पुन्हा विचारा." मालक हसले, म्हणाले, "उद्यापासून या." झालं. तेवढ्या भांडवलावर सव्वीस वर्षं निघाली.

गिऱ्हाइकाने आणलेल्या तुकड्याशी रंगाची शेड हुबेहूब जुळवून द्यायची, हे त्यांचं काम, म्हणून शेडमास्तर. कुणी जुन्या दाराचा टवका आणायचं, कुणी कपाटाचा पत्रा. मास्तर तो उत्तरेच्या खिडकीत धरायचे आणि सांगायचे, काळा दोन थेंब, पिवळा एक. तो नेमका तेवढाच लागायचा. पण मालक दोन वर्षांपूर्वी वारले, मुलांनी कारखाना विकला, आणि नवे लोक रंग मोजायचं यंत्र घेऊन आले. सहा महिन्यांत त्यांनी मास्तरांचे मनापासून आभार मानले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. वय वर्षं बावन्न. आता बसगाड्यांना रंग देणाऱ्या एका कारखान्याने मुलाखतीला बोलावलं होतं. सोमवारी, अकरा वाजता.

लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीने फोनवर वीस प्रश्नांची यादी धाडली होती. खाली तंबी होती: "आरशासमोर बडबडू नका बाबा. आईला विचारायला लावा. आरसा उलट प्रश्न विचारत नाही."

तर रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर टेकले. समोर बायको, यादी वहीत उतरवून, लाल पेन घेऊन बसली. तिला सगळा गाव बाई म्हणायचा, कारण गावातल्या निम्म्या पोरांनी पाढे तिच्याकडूनच शिकले होते. अठ्ठावीस वर्षं तिसरीचा वर्ग, तीच शाळा.

"स्वतःबद्दल सांगा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी घसा साफ केला आणि खिडकीबद्दल सांगायला सुरुवात केली. उजेड उत्तरेचाच हवा. रंगाकडे एकटक बघायचं नाही, कारण डोळा सरावतो आणि मग चुकलेला रंगही बरोबर वाटायला लागतो. म्हणून मधूनमधून करड्या पुठ्ठ्याकडे बघून डोळा धुवून घ्यायचा.

"हे छान आहे, सांगा. पण त्यांनी तुमच्याबद्दल विचारलंय, खिडकीबद्दल नाही."

"माझ्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे?"

"तेही खरंच," बाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. "तुमचा एखादा दोष सांगा."

मास्तर विचारात पडले.

"मी सांगू का? मग वही पुरायची नाही."

दोघंही हसले. बऱ्याच दिवसांनी घरात असं हसू ऐकू येत होतं. नोकरी गेल्यापासून मास्तर घरात चोरपावलांनी वावरत होते, आणि भाजी आणायला निघाले तरी इस्त्री मोडू नये म्हणून जपत. कामाला जाणाऱ्या माणसासारखं दिसावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा.

सहा प्रश्न पार पडले. बाईंनी सातवा वाचला, "इतकी वर्षं एकाच ठिकाणी का राहिलात?"

याला मास्तर अडखळले नाहीत. हे उत्तर तोंडपाठ होतं. "मालकांनी सोडलं नाही."

बाईंचा चेहरा कडू झाला. व्हायचाच. अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावातल्या मुलींच्या शाळेत त्यांची मुख्याध्यापिका म्हणून निवड झाली होती. राहायला घर मिळणार होतं, मागे अंगण. त्याच गावातल्या मोठ्या रंग कारखान्याकडून मास्तरांना मुलाखतीचं पत्र आलं होतं. इतकं जुळून आलं होतं. त्या सकाळी मास्तर पत्र खिशात घालून मालकांना विचारायला गेले आणि संध्याकाळी पडल्या चेहऱ्याने परत आले. मालक नाही म्हणतात. तुम्ही गेलात तर कारखान्याला कुलूप लावावं लागेल, म्हणतात. बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात शाळेला नकार कळवला आणि त्या दिवसापासून मालकांच्या नावाने बोटं मोडली. त्यांच्या घरची पायरी चढल्या नाहीत. मालक गेले तेव्हाही मास्तर एकटेच भेटून आले, हिला ताप आहे म्हणाले.

"मुलीने खाली लिहिलंय, नेमका प्रसंग सांगा," बाई म्हणाल्या. "सांगा. कुठे बसले होते? काय शब्द होते त्यांचे?"

"आता इतकं कुठलं आठवतंय."

"तुम्हाला? वीस वर्षांपूर्वीच्या दाराचा रंग आठवतो तुम्हाला. सांगा की, आता कसली भीड? माझं आयुष्य खाल्लं त्या माणसाने, निदान तुमच्या नोकरीला तरी उपयोगी पडू दे."

मास्तरांना सगळं आठवत होतं. टेबलावर दवाखान्याच्या भिंतींसाठीचा फिकट निळा वाळत होता. मालकांनी चष्मा वर करून विचारलं होतं, "काय मास्तर, काही काम होतं?" आणि हे म्हणाले होते, "नाही, हा नमुना तेवढा दाखवायला आलो." पत्र खिशातच राहिलं. मालकांनी चांगलं जुळलंय म्हटलं, चहा मागवला, आणि हे चहा पिऊन खाली आले. तो माणूस वाईट नव्हता. उलट पुढच्याच महिन्यात त्याने मास्तरांना खिडकीपाशी हक्काची खुर्ची दिली होती.

आणखी एक थाप मारली असती तर ती खपली असती. खोटं पाडायला मालक थोडेच उठून येणार होते? पण मास्तरांच्या तोंडून निघालं, "ते काही बोललेच नाहीत."

"म्हणजे?"

"मी विचारलंच नाही गं त्यांना."

बाईंचं पेन थांबलं.

"मला भीती वाटली," मास्तर खाली बघत म्हणाले. "तिथे चार-पाच जण समोर बसणार, काहीबाही विचारणार, आणि मला बोलता यायचं नाही. त्या मुलाखतीची भीती वाटली. दुसरं काही नव्हतं. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून मालकांचं नाव घेतलं. वाटलं, दोन दिवसांनी खरं सांगू. तोवर तू नकार कळवला होतास."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्यांची बायको मला बाजारात दोनदा भेटली," बाई म्हणाल्या. "स्वतःहून बोलायला आली. मी तोंड फिरवून निघून गेले."

"चुकलो गं."

सातव्या प्रश्नापुढे बाईंनी लाल शाईने बरोबरची खूण केली. तिसरीच्या पोरांच्या वहीत करतात तशीच, ठसठशीत.

"उद्या तिथे हे नका सांगू. पहिलंच उत्तर द्या, मालकांनी सोडलं नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला पटतं ते."