नमुन्यात मिसळलेली मी

माझी मुलगी सव्वा वर्षाची होती तेव्हा एका सकाळी तिचे दोन्ही पंजे सुजलेले दिसले. बोटं अशी टम्म की मूठ वळेना. सासूबाई म्हणाल्या, "काही डसलं असन," आणि त्यांनी हळद लावून शेकलं. दोन दिवसांनी पाय सुजले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं आणि सिकलसेल निघाला. मग आम्हा नवराबायकोचंही रक्त घेतलं. आम्ही दोघंही वाहक निघालो. आम्हाला कधी काही झालं नव्हतं, पण तो दोष दोघांच्याही रक्तात होता आणि आमच्या मुलीत तो दोन्हीकडून उतरला होता.

आम्ही वरठीला राहत होतो. नवरा पोलादाच्या कारखान्यात पाळीवर जायचा, मी भंडाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. माझं माहेर तिकडे आमगावच्या बाजूला, जिल्हा तुटल्यावर ते गोंदियात गेलं आणि मी इकडे राहिले. लग्न जुळवताना दोन्ही घरांनी शिक्षण पाहिलं, नोकरी पाहिली. रक्त पाहायची तेव्हा आमच्याकडे कुणाला सवय नव्हती.

मुलीचा आजार कळायच्या आधीपासून तो धडा मी दर वर्षी शिकवत आले होते. फळ्यावर डीएनएची पीळ दिलेली शिडी काढायची. ए समोर टी, जी समोर सी. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दामागे एक अमिनो आम्ल, आणि त्यांची माळ म्हणजे प्रथिन. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या शब्दातलं मधलं अक्षर बदलतं. ए च्या जागी टी. एवढंच. त्यामुळे एक अमिनो आम्ल जाऊन दुसरं बसतं, ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून ताठ काड्यांसारखं होतं, गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकून बसते. अडकते तिथे दुखतं. पुस्तकात या दुखण्याला अर्धी ओळ होती. आमच्या घरात ते कधी गुडघ्यात यायचं, कधी पाठीत, आणि लेक उशी चावून रडायची.

ती आठ वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले. आम्ही ठरवलं नव्हतं. कळलं तेव्हा नवऱ्यानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "चारात एकाले होते म्हंतेत ना? तो एक तं आपला होऊन गेला. आता बाकी तीन उरले."

"तसं नसते," मी म्हटलं. "दर बारीले पुन्हा चारातला एकच. मागचं काही धरत नाई."

"म्हंजे हिच्या वक्ताले होतं तेवढंच?"

"तेवढंच."

नागपूरला पोटातल्या बाळाचा डीएनए तपासता येतो हे मला ठाऊक होतं. जायच्या आधी आम्ही एक गोष्ट बोलून घेतली. म्हणजे तोच बोलला. "आणखी एका लेकराले असं तडफडताना पाहणं माह्यानं नाई होणार. निघालं तं थांबवून टाकू." मी मान हलवली. आमचं एकमत होतं, आणि त्यामुळे मला थोडा धीर आला होता.

तिसरा महिना संपता संपता मुलीला घेऊन आम्ही भंडारा रोड स्टेशनवरून गाडी धरली. तिथल्या दवाखान्यात आधी लिहून घेतलं की मुलगा की मुलगी हे आम्ही विचारणार नाही आणि ते सांगणार नाहीत. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी पोटातून सुई घातली आणि वारेचा इवलासा तुकडा ओढून घेतला. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई स्वतः तिथे उभ्या होत्या. मी जीवशास्त्राची शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी मला ती काचेची वाटी दाखवली. पाण्यात भिजलेल्या कापसाचे धागे तरंगावेत तसं पांढरं काहीतरी होतं.

"हे बाळाचं. आणि याला चिकटून तुमच्या गर्भाशयाचं अस्तरही येतं," बाई म्हणाल्या. "ते सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं वेचून बाजूला काढावं लागतं. आमचं सगळ्यात किचकट काम तेच."

आमच्या तिघांचंही रक्त त्यांनी घेतलं, मुलीचंसुद्धा.

घरी परतलो आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. नागपूरला जाऊन पोटातलं पाहून आली, तेही पहिली मुलगी असताना, म्हणजे कशासाठी हे सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं. सासूबाईंनी तर सरळ विचारलं, "पोरगा हाये का पोरगी, एवढं तं सांगतलंच असन त्याइनं?"

"नाई सांगत आई. आमी त्याच्यासाठी गेलोच नव्हतो."

त्यांचा विश्वास बसला नाही. चिडायचं त्राण माझ्यात नव्हतं. वर्गात शिकवताना मध्येच शब्द हरवायचे.

मग बोलावणं आलं. फोनवर बाईंनी काहीच सांगितलं नाही, दोघंही या एवढंच म्हणाल्या. गाडीत नवरा खिडकीबाहेर बघत होता. धान कापून झालेलं होतं, शेतातल्या बांध्या रिकाम्या पडल्या होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, वाईट असतं तर फोनवर सांगितलं नसतं, चांगलं असतं तर सांगितलं असतं.

बाईंनी टेबलावर एक काळा फोटो ठेवला. त्यावर चार उभ्या रांगा आणि प्रत्येक रांगेत चमकणाऱ्या आडव्या पट्ट्या. त्यांनी नवऱ्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. डीएनएचा तो नेमका भाग यंत्रात लाखो पटींनी वाढवायचा. मग त्यावर एक एन्झाइम सोडायचं. अक्षर बरोबर असेल तर ते तिथे कापतं, अक्षर बदललेलं असेल तर त्याला कापायची जागाच सापडत नाही. नंतर ते जेलीसारख्या थरात घालून वीज सोडायची. लहान तुकडे पुढे, खाली पळतात, न कापलेला मोठा तुकडा मागे, वर राहतो.

"ही तुमची रांग, ही यांची. दोघांतही कापलेलं आणि न कापलेलं दोन्ही आहे. म्हणजे वाहक. ही मुलीची, तिच्यात फक्त न कापलेलं. आणि ही बाळाची."

चौथ्या रांगेत वरचीही पट्टी होती आणि खालचीही. बाई पुढे काही बोलायच्या आतच मी नवऱ्याचा हात दाबला. "वाहक हाये! आपल्यासारखंच. काही नाई होणार त्याले!" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "म्हणूनच मी फोनवर बोलले नाही."

त्यांनी दुसरा फोटो पुढे ठेवला. हा ओळख पटवण्यासाठी होता. डीएनएमध्ये काही जागा अशा असतात जिथे तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि ती किती वेळा येतात हे माणसागणिक वेगळं असतं. मुलाला त्यातली एक पट्टी आईकडून येते, एक बापाकडून. बाळाच्या रांगेत दोन पट्ट्या हव्यात. बाईंनी पेनाचं टोक ठेवून दाखवलं. तीन होत्या.

"ही वडिलांची. आणि या दोन्ही तुमच्या. एकच यायला हवी होती." त्या माझ्याकडे बघत होत्या. "बाळाच्या नमुन्यात तुमच्या पेशी राहिल्या आहेत. आम्ही वेचल्या, तरी राहिल्या. असं कधी कधी होतं. तुकडा फार लहान होता, आता शिल्लकही नाही."

"मंग वाहक दिसून राहिलं ते?" नवऱ्यानं विचारलं.

"ते बाळाचं असेल. किंवा बाळाला दोन्ही बदललेली असतील आणि जे चांगलं दिसतंय ते यांचं असेल."

मला सगळं समजत होतं, नवऱ्याला नीट समजलं नव्हतं. त्या फोटोत बाळाच्या जागी मीच उभी होते. बाई म्हणाल्या, चौथ्या महिन्यानंतर गर्भजल काढून पुन्हा तपासता येईल. त्याचा निकाल यायला वेळ लागेल, आणि गर्भपाताला कायद्याची मुदत असते. निकाल मुदतीच्या आत यावा म्हणून त्या जातीनं लक्ष घालतील.

ते मधले आठवडे कसे काढले ते मी नीट सांगू शकणार नाही. थंडी पडली. आणि थंडीनं मुलीला पकडलं. आधी पाय, मग कंबर, मग छाती. भंडाऱ्याला सरकारी रुग्णालयात भरती केलं, सलाईन लागलं, वेदनेची इंजेक्शनं सुरू झाली. कॉटवर ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि कुणी कॉटला हात लावला तरी किंचाळायची. दिवसा सासूबाई बसायच्या, कॉलेज सुटलं की मी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं दुखणं जरा उतरलं होतं. डोळे उघडे ठेवून ती छताकडे बघत होती. एकदम म्हणाली, "मम्मी, तुमी नागपूरले बाळाले सिकल हाये का पाहाले गेलते ना?"

"तुले कोणं सांगतलं?"

"माहंबी रक्त घेतलं ना. मले समजते." मग तिनं विचारलं, "असन तं काय करसान?"

नवरा त्याच वेळी चहा घेऊन दारात आला होता. तो तिथेच थांबला.

"अजून काही ठरवलं नाई," मी म्हटलं.

"माह्या वक्ताले पाहिलं होतं का?"

"नाई. तवा आमाले माहीतच नव्हतं."

मग म्हणाली, "बरं झालं," आणि हळूच कुशीवर वळली.

नवऱ्यानं चहा खिडकीत ठेवला आणि तो बाहेर निघून गेला. मी मागोमाग गेले. जिन्याखाली तो भिंतीला टेकून उभा होता.

"मी बोललो होतो ना, थांबवून टाकू म्हणून," तो म्हणाला. "ते मी वापस घेतो. निघालं तरी ठेवू."

मला त्याचा राग आला. इतका की आवाज चढला. "तुमी ड्युटीवर राहता. हिचं रडणं मी ऐकते. आणखी एकाचं ऐकू म्हंता?"

"तिच्या तोंडाकडे पाहून बोलता येते का तुले हे?"

"तिच्याकडे पाहूनच बोलून राहिली मी!"

येणारेजाणारे वळून बघायला लागले तसे आम्ही गप्प झालो. त्या दिवसापासून आमचं एकमत संपलं. घरात कामापुरतं बोलायचो. गर्भजल काढायला नागपूरला गेलो तेही जवळजवळ मुक्यानंच. या वेळी सुई खोल गेली, पिवळसर पाणी आलं. बाईंनी पहिली थोडी धार वेगळ्या सिरिंजमध्ये घेऊन टाकून द्यायला लावली, माझ्या पेशी पुन्हा सोबत येऊ नयेत म्हणून.

निकाल यायच्या आधीच बाळ हललं. मी वर्गात होते, खडू हातात होता. पोटात मासा वळावा तसं झालं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पोरांना पुस्तकातली आकृती काढायला सांगितलं. हे नवऱ्याला सांगायचं नाही असं मी ठरवलं, कारण त्याच्या बाजूनं तो आणखी एक मुद्दा झाला असता. पण माझं ठाम मत त्या दिवशी हललं हे खरं. आता मला काय हवंय, हे त्या आठवड्यात स्वतःलाच विचारायची भीती वाटत होती.

बाईंचा फोन आला तेव्हा नवरा पाळी सोडून आला. अंगावर कारखान्याचे कपडे तसेच होते. प्रयोगशाळेत बाईंनी या वेळी ओळखीचा फोटो आधी पुढे ठेवला.

"मोजा," त्या मला म्हणाल्या.

दोन पट्ट्या होत्या. एक माझी, एक त्याची. पुन्हा पाहिलं. दोनच.

"आता हा."

बाळाच्या रांगेत वरही पट्टी होती, खालीही. मागच्या वेळी मी आधीच बोलले होते. बाई बोलेपर्यंत मी तोंड घट्ट मिटून बसले.

"वाहक," त्या म्हणाल्या. "नमुना स्वच्छ आहे, दोनदा केलंय. एक जनुक चांगलं, एक बदललेलं. तुमच्या दोघांसारखंच. आजार होणार नाही."

नवरा खुर्चीतच वाकून रडला. मला रडू आलं नाही. बाईंनी पुढे केलेला पाण्याचा ग्लास मी एका दमात संपवला. परतीच्या गाडीत कामठी गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "दुसरं निघालं असतं तं काय केलं असतं तू?"

"मले नका विचारू."

"मी विचारलं नसतं. पण..."

"नका."

घरी आलो तेव्हा मुलगी सासूबाईंजवळ बसून शेंगा सोलत होती. तिनं आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "त्याले दुखणार नाई?"

"नाई दुखणार."

"मले दुखीन तवा तो पाय दाबून देईन का?"

"देईन ना," नवरा म्हणाला.

मुलगा झाला. गल्लीतल्या बायकांना वाटलं, आपला अंदाज खरा निघाला. कुणाकुणाला समजावत बसणार? सासूबाईंनी मात्र एका शेजारणीला अंगणात उभं करून सुनावलं की आमची सून नागपूरला रक्तासाठी गेली होती, आणि त्या शेजारणीच्या घरात कुणाचं लग्न जुळत असेल तर आधी त्या पोरापोरीचं रक्त तपासून घ्यावं. ते ऐकून मी आतल्या खोलीत बसून राहिले, बाहेर गेले नाही.

मुलगी आता नोकरी करते. रोजची गोळी घेते, थंडीत जपते, तरी वर्षातून एखाददा दुखण्यानं पडतेच. आमचं ते जिन्याखालचं भांडण कुणीच जिंकलं नाही. निकाल चांगला आला म्हणून ते तसंच राहून गेलं. मधल्या काळात कारखान्यातल्या एका जोडप्यावर हीच वेळ आली आणि ते सल्ला विचारायला आमच्या घरी आले. चहा झाला. तपासणी कुठे होते, सुई कशी घालतात, आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना हे आधी विचारा, असं सगळं मी त्यांना सांगितलं. मग त्यातल्या बायकोनं विचारलं, "आणि वाईट निघालं तं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. मी उठले आणि प्रयोगशाळेचा नंबर कागदावर लिहून तिच्या हातात दिला.