वर जाण्याआधी जेवण सांगा

इंदूकाकीनं मला उभं केलं. काय झालं, कसं झालं ते पुढे सांगतेच, पण हे नाव आधी लिहून ठेवते. लिहायची मला सवय नाही. मध्येच धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर राहील.

मी पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीची. शाळा सातवीत सुटली. आज हैदराबादच्या बाहेर एका मोठ्या थीम पार्कात नोकरी करते. इथे येणारे गट महिनाभर आधी तिकिटं काढतात आणि त्याबरोबर दुपारचं जेवणही सांगून ठेवतात. कोणता गट किती वाजता, कोणत्या हॉलमध्ये बसणार आणि काय खाणार, ते जुळवायचं हे माझं काम. सगळं संगणकावर चालतं. संगणक मी इथे शिकले. काम मात्र शिकून आले होते ते रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत, इंदूकाकीच्या खानावळीत. तिथे संगणकाच्या जागी बिस्किटांचे रिकामे डबे होते.

रोपवेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत काकीची पत्र्याची शेड होती. बाहेर फळी टांगलेली, तिच्यावर रंगानं लिहिलेलं, 'वर जाण्याआधी जेवण सांगा.' गडावर जाताना सांगायचं, फिरून खाली आलं की गरम जेवायचं. काकी चौथी शिकलेली, पण ऑर्डर कधी लिहून घेत नसे. प्रत्येक गटाला एक डबा. साध्या जेवणाला चिंचोका, मटणाच्या ताटाला काजूची बी, पोरांना बारीक खडा, उपासवाल्याला सुपारी. गट बोलत असायचा आणि काकीचा हात खुळखुळ करत डबा भरत असायचा. संध्याकाळी डबे रिकामे झालेले बघितल्याशिवाय ती पाठ टेकत नसे.

मी तिच्याकडे गेले तेव्हा वीस वर्षांची होते. तिनं विचारलं, "काय येतं गो तुला?"

"भाकरी येते. स्वैंपाक येतो."

"तो काय, सगळ्यांनाच येतो. मोजता येतं काय? ती बस आली बघ. किती माणसं हायत, मोजून ये."

मी पळत गेले, दोनदा मोजून आले. "एक्केचाळीस."

"त्रेचाळीस," काकी चुलीपुढून न उठताच म्हणाली. "डायवर धरलास नाय. आणि एक पोर आईच्या मांडीवर हाय. मांडीवर बसलं म्हणून त्याला भूक नाय काय?"

तिनं ते मूल कधी बघितलं, मला आजही कळलेलं नाही. पण मला वाटलं, पहिल्याच दिवशी घरी पाठवते आता. मी रडवेली झाले. काकी म्हणाली, "रडतेस कशाला? दोनच चुकलीस. सेक्रेटऱ्या दहा-दहा चुकतात."

सेक्रेटऱ्या म्हणजे मुंबईतल्या गावकरी मंडळांचे सेक्रेटरी. त्यांच्यावर काकीचा विशेष लोभ. एकदा असाच एकाचा फोन आला. मी शेजारीच भाजी चिरत होते. तो म्हणत होता, "काकी, साठ माणसं. एकजात मटण. फायनल."

"बरं. आता फोन जरा बाईकडे दे रे."

"कोणत्या बाईकडे? सेक्रेटरी मी आहे!"

"असशील रे बाबा. मंडळाचं लेटरहेड तुझ्याकडे हाय. मंडळाचं पोट तुझ्याकडे नाय. बायकोला बोलव."

बायको फोनवर आली. पाच मिनिटांत साठाचे सदुसष्ट झाले, मटण अठ्ठावीसवर आलं, एका आजोबांना दात नाहीत म्हणून मऊ भात ठरला. फोन ठेवून काकी मला म्हणाली, "पुरुष खोटं बोलत नाय गो. त्याला ठाऊकच नसतं. आणि बाई ठाऊक असून बोलत नाय. म्हणून बाईला 'सगळ्यांना काय चालेल' असं विचारायचं नाय. ती म्हणणार, काहीपण चालेल. 'तू स्वतः काय खाणार' म्हणून विचार. मग बोलते."

दुसरं तिचं ठाम म्हणणं भाताबद्दल. "भात आधी चढवायचा नाय. माणसं खाली येताना दिसली की चढव. गट किती वाजता येणार ते म्होरक्याला विचारू नको. सगळ्यात हळू चालणारा कोण, ते बघ. गट त्याच्याबरोबर येतो." ती लोकांच्या पायांकडे बघायची. चपला, गुडघ्यावर ठेवलेले हात, मागे राहणारी आजी. आणि मग सांगायची, "हे काय दोनच्या आधी येत नाय." ते दोन वाजून दहा मिनिटांनी यायचे.

कौतुक करणं तिच्या स्वभावात नव्हतं. सहा वर्षांत तिच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला सर्वांत मोठा शब्द म्हणजे, "चाललं."

तिच्याकडचा माझा शेवटचा हिवाळा. हैदराबादहून अठ्ठावीस जणांचा गट आला होता. एका थीम पार्कातले कर्मचारी, बरोबर त्यांचे मॅनेजर, मूर्तीसाहेब. सकाळी जेवण सांगून रोपवेनं वर गेले. म्हणाले, एक वाजता येतो. काकीनं झाडांच्या शेंड्यांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "वारा वाढतोय. पाळणा बंद करतील. ही माणसं पायऱ्यांनी उतरणार, आणि त्यांच्यात तो जाडा साहेब हाय. तीनच्या आधी काही पेटवू नको." झालंही तसंच. वाऱ्यामुळे रोपवे थांबला. आजूबाजूच्या शेडमध्ये दुपारपासून भात गार पडत होते. आमच्याकडे मूर्तीसाहेब साडेतीनला लंगडत आले आणि पाटावर बसताच त्यांच्यापुढे वाफ निघणारा भात आला.

साहेबांनी हिंदीत विचारलं, "आम्ही उशिरा येणार हे तुम्हाला कसं कळलं? हे प्लॅनिंग कोण करतं?"

काकीनं पळीनंच माझ्याकडे बोट केलं. "ही. सगळं हीच बघते. मी नुसती चुलीपुढं बसते."

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्या पायावर पाय दिला. साहेबांनी मला कार्ड दिलं. महिन्याभरानं बोलावणं आलं.

मी म्हटलं, "काकी, तू खोटं बोललीस. मला इंग्रजी येत नाय. माझ्याकडे दहावीचा कागद नाय. ते मला हाकलून देतील."

"त्यांना तुझी भाषा येते काय? मग झाली फिटंफाट. आणि कागद विचारला तर सांग, जेवून बघा."

महाडच्या स्टँडवर ती मला सोडायला आली. मला हुंदका आला तशी म्हणाली, "गाडीत बसून रड. मला परत जायचंय, तीन डबे भरलेले हायत."

इथे मला तीन महिन्यांसाठी कच्चं ठेवलं. ते तीन महिने मी रोज एकच विचार करत होते. मी दुसऱ्याच्या कामावर ही खुर्ची मिळवलीय. आज कळेल त्यांना, उद्या कळेल.

शेवटच्या आठवड्यात सोलापूरकडचा एक मोठा गट होता. बचत गटाच्या एकशे दहा बायका, एका मंगळवारी येणाऱ्या. प्रवास कंपनीच्या माणसानं महिन्यापूर्वीच ॲपवर एकशे दहा चिकन बिर्याणी सांगून ठेवल्या होत्या. पैसे भरलेले, ऑर्डर पक्की. मी घरून आणलेलं मराठी कॅलेंडर खोलीत टांगलं होतं. सहज बघितलं. त्या मंगळवारी संकष्टी होती. म्हणजे अंगारकी! एरवी उपास न करणाऱ्या बायकाही त्या दिवशी चंद्र दिसेपर्यंत जेवत नाहीत.

मूर्तीसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी मागितलं ते आपण देतो. तू बदललंस आणि अन्न वाया गेलं तर वर मला उत्तर द्यावं लागेल. मग तुझ्या पक्क्या नोकरीचं मी काही बोलू शकणार नाही."

गप्प बसले असते तर चाललं असतं. चूक कंपनीच्या माणसाची होती, माझी नव्हती. पण डोळ्यांपुढे त्या बायका येत होत्या. पर्समध्ये केळी लपवून आणलेल्या, 'आम्हाला भूक नाही' म्हणत कोपऱ्यात बसलेल्या. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना चालतं." मी म्हटलं, "गटातल्या एखाद्या ताईंचा नंबर द्या."

शकुंतलाताई म्हणून अध्यक्ष होत्या. त्याही म्हणाल्या, "चालेल हो काहीही, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"ताई, तुम्ही स्वतः काय खाणार?"

मग हळूच, "माझी तर अंगारकी आहे गं. आम्ही घरून दाण्याचे लाडू आणणार आहोत. कुणाला सांगू नकोस, तो बिचारा हिरमुसेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा कळवला. त्र्याहत्तर उपास. मी तो कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, "जबाबदारी माझी. लिहून देते." आणि दिलं लिहून.

त्र्याहत्तरांसाठी वरीचा भात आणि दाण्याची आमटी ठरवली. वरी आमच्याच डोंगराच्या उतारावर होते, लहानपणापासून हातातली. इथले मुख्य आचारी वेंकटअण्णा यांनी ती कधी शिजवली नव्हती. ते म्हणाले, "तूच ये चुलीपाशी." मी कोरी पातेली मागवली. अण्णांनी सवयीनं हळदीच्या डब्याला हात घातला तेव्हा मी इतक्या जोरानं "नको!" ओरडले की भांडी घासणारेही वळून बघायला लागले. उपासाला हळद चालत नाही हे कळल्यावर अण्णा पोट धरून हसले.

मंगळवारी जेवणाची वेळ साडेबाराची. साडेबाराला हॉल रिकामा होता. साहेब आत आले. "अजून वरी चढवली नाहीस?"

"साहेब, गार झाली की तिचा गोळा होतो. त्यांच्यात दोन आजी आहेत, आता पाण्याच्या राइडच्या रांगेत उभ्या आहेत. त्या बाहेर आल्या की तिथला माणूस मला फोन करणार आहे."

"आणि नाही केला तर?"

मी फोन हातात घेऊन दारात उभी राहिले. एक वाजला. सव्वा वाजला. साहेब घड्याळ बघत होते, मी फोन बघत होते. एक वाजून वीस मिनिटांनी तो वाजला आणि मी वरी चढवली.

बायका आल्या. केस ओले, चेहरे फुललेले, पण टेबलाजवळ येताच संकोचल्या. एक आजी म्हणाल्या, "आम्ही आपल्या बसतो गं इथं बाजूला, ह्या पोरी जेवतील." मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. आजींनी वाफाळलेल्या वरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून विचारलं, "भांडी वेगळी का गं?"

"कोरी आहेत आजी. परवाच आणलीत."

"अगं बाई!" आजी मागे वळून ओरडल्या, "ए, लाडू ठेवा आत! इथं आमटी आहे!"

मग जे सुरू झालं ते काय सांगू! त्र्याहत्तर ताटं गेली, वर दुसऱ्यांदा आमटी, तिसऱ्यांदा आमटी. उपास नसलेल्या बायका बिर्याणी खाता खाता शेजारणीच्या ताटात वाटी बुडवू लागल्या. शकुंतलाताईंनी मूर्तीसाहेबांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं. "साहेब, खा. लाजू नका. ही मुलगी तुमच्याकडे आहे म्हणून आज आम्ही पोटभर खातोय." साहेबांनी खाल्लं. मग पुन्हा मागितलं. वेंकटअण्णा दारातून बघत होते. त्यांनी मला अंगठा दाखवला आणि पातेलं उपडं करून दाखवलं. त्यात शीतही नव्हतं.

चंद्र दिसायचा तेव्हा त्या बसमध्ये असणार होत्या, म्हणून उपास सोडायला पुऱ्या, भाजी आणि एकेक मोदक अशी पाकिटं बांधून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाताईंचा फोटो आला. रस्त्याकडेला बस उभी, सगळ्या बायका खाली उतरून चंद्राकडे हात जोडून उभ्या, बगलेत आमची पाकिटं.

त्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, लिहून दिलेल्या कागदाचं काही निघालं. त्यांनी विचारलं, "वर्षभरातले असे सगळे दिवस मला काढून देशील?" आणि माझ्यापुढे पक्क्या नोकरीचं पत्र ठेवलं.

काकीला फोन केला. अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चाललं."

मी म्हटलं, "काकी, त्या दिवशी तू साहेबांना खोटं सांगितलंस ना, त्याचं ओझं आज उतरलं बघ."

"खोटं कुठलं गो? थोडं आगाऊ सांगितलं."

मग फोन तिच्या सुनेनं घेतला आणि बाजूला जाऊन बोलली. काकीचा गुडघा गेलाय. महाडचे डॉक्टर ऑपरेशन करायला सांगतायत. दीड महिना चुलीपुढं बसायचं नाही. काकी ऐकत नाही. म्हणते, माणसं आगाऊ सांगून येतात, त्यांना परत पाठवू काय? आणि सून अंगणवाडीत कामाला जाते. तिच्या एकटीच्यानं ते होणार नाही.

पक्की झाल्यावर मला रजा लागू झालीय. साहेबांना मी आजच विचारलंय, सगळी रजा एकदम साठवून घेता येते का. येते म्हणाले.

काकी, हे तुला सूनबाई वाचून दाखवील. तू डॉक्टरांकडून तारीख घे. पुढच्या वर्षीची मिळाली तरी चालेल, पण घे. तुझा दीड महिना माझ्याकडे लागला. तेवढे दिवस चुलीपुढं मी बसेन, डबे मी भरेन, आणि तुझ्याकडे सांगून वर गेलेलं एकही माणूस खाली येऊन उपाशी जाणार नाही. हा माझा शब्द.