शंकासुराची यादी

माझ्या मामाने आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास ठेवला: मामीवर आणि स्वतःच्या अक्षरावर. त्यातही मामीबद्दल मी छातीठोक सांगणार नाही, कारण चहात साखर घातलीये असं तिने सांगितल्यावरही तो आधी अर्धा घोट घेऊन थांबतो.

त्याची नोकरी वजनमापं तपासण्याची. तीस वर्षं तो दुकानादुकानांत तराजू पालथे करून खाली काही चिकटवलंय का ते बघत फिरला. कोणी हसून बोललं की त्याच्या मनात पाल चुकचुकायची, आणि कोणी हसलं नाही तर दोन चुकचुकायच्या. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो फोटोग्राफरकडे संशयाने बघतोय. आमच्या ग्लायडर क्लबात त्याला सगळे 'शंकासुर' म्हणतात, अर्थात तो खोलीबाहेर गेल्यावर.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. जमिनीवरचं यंत्र लांबलचक दोराने ते वर ओढतं, दोर सुटला की पुढे आपलं आपण. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधायची, तिच्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची, मग पुढची हवा शोधायची. असं करत तीनशे किलोमीटर जाऊन परत आलं, वाटेत ठरलेल्या खुणांना वळसा घातला, की बिल्ला मिळतो. छातीवर लावायचा एवढासा पत्रा. पण त्यासाठी भलीभली माणसं पाच-सहा तास लघवी दाबून आकाशात बसतात.

वळसा घातला हे सिद्ध कसं करायचं? तर हातात धरायच्या जीपीएसने. तळहातावर मावेल एवढं यंत्र, दर पाच सेकंदांनी आपण कुठे आहोत त्याचा एक ठिपका नोंदवतं. क्लबातले लोक त्याला 'डबी' म्हणत. मामा ओरडायचा, "डबी काय? साक्षीदार म्हणा. आणि साक्षीदाराचीसुद्धा उलटतपासणी करायची असते."

ती उलटतपासणी करणारा अर्थातच मामा. उड्डाणाआधी तो यंत्राची मेमरी रिकामी करायचा, बॅटरीच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही ठोकायचा. संध्याकाळी सही जागच्या जागी आहे का ते भिंगाने बघायचा आणि मगच यंत्राला कॉम्प्युटरची वायर लावायचा. उडून आलेला बिचारा मागे उभा. आमच्या क्लबात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना मामाने एकदा विचारलं होतं, "इथे चार मिनिटं ठिपके नाहीत. कुठे होतात?" डॉक्टर म्हणाले, "आकाशातच असणार ना हो!" मामा म्हणाला, "ते तुम्ही म्हणताय."

आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत मामाच्या सुवाच्य अक्षरातली यादी. बारा खुणा: पूल, पाण्याची टाकी, धरणाची भिंत असं काय काय. प्रत्येकीपुढे तिचे अक्षांश-रेखांश. सगळ्यांनी आपापल्या यंत्रात आकडे भरायचे ते याच यादीवरून. बारावी खूण होती बंद पडलेल्या कागद कारखान्याची चिमणी.

याच चिमणीवरून आमचं घर मोडलं.

मामीचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. मी त्यांना घड्याळकाका म्हणते. कमी बोलणारा, पण उडायला लागला की पोरासारखा हसणारा माणूस. त्यांना यंत्राकडे बघत उडायला आवडायचं नाही. मांडीवर कागदी नकाशा, बाहेर डोळे. यंत्र साक्षीला म्हणून सीटच्या मागे ठेवलेलं असायचं. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी असंच तीनशे किलोमीटर पूर्ण केलं. संध्याकाळी मामाने ठिपके काढले. खुणेपासून पाचशे मीटरच्या आत यावं असा नियम. चिमणीजवळचा त्यांचा सगळ्यात जवळचा ठिपका पाचशे चाळीसवर होता.

"भाऊजी, मी चिमणीला वळसा घातलाय," काका म्हणाले. "तिच्या तोंडावरच्या तुटलेल्या विटा दिसत होत्या मला."

"साक्षीदार तसं म्हणत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

मामाने तेव्हा गप्प बसायला हवं होतं. तो म्हणाला, "तीस वर्षं बघतोय. चाळीस ग्रॅम मारणारासुद्धा आधी असाच शपथ घेतो."

हे सगळ्या क्लबासमोर. काकांनी पट्टी लावलेलं ते यंत्र टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. पुन्हा क्लबात आले नाहीत आणि मामीच्या घरीही आले नाहीत. मामीने मामाला सोडलं नाही आणि भावालाही सोडलं नाही. दोघांच्या मधे उभी राहून तिने नऊ वर्षं काढली. महिन्यातून एकदा दुकानात जाऊन भावाला भेटायची आणि घरी येऊन भांडी जरा जोरात घासायची.

आता माझं. गेल्या रविवारी मी पहिल्यांदा तीनशे किलोमीटर केलं. पाच तास चाळीस मिनिटं. पाय बधिर, घसा कोरडा, पण यादीतून ठरवलेल्या तिन्ही खुणा झाल्या. शेवटची खूण चिमणी. यंत्रावरचा बाण धरून गेले, अंतर शून्य झालं, यंत्र वाजलं, मी डावीकडे वळले आणि घरचा रस्ता धरला.

संध्याकाळी मामाने ठिपके तपासले. बॅटरीची पट्टी तपासली. माझा चेहरापण तपासला. मग म्हणाला, "मंजूर."

तिथेच तोंड बंद ठेवायला काय जात होतं माझं? पण आमच्या घराण्याची जीभ. मी म्हटलं, "मामा, एक सांगू? यंत्र वाजलं तेव्हा चिमणी माझ्या खाली नव्हती. उजव्या पंखापलीकडे होती. बरीच."

मामाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तू दुसरी चिमणी पाहिलीस."

"तिथे एकच आहे."

"पंख तिरका असेल. उंचावरून अंतराचा अंदाज चुकतो."

"तुटलेल्या विटा दिसतील एवढी जवळ नव्हती," मी म्हटलं.

तुटलेल्या विटा. शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की ते माझे नाहीत. मामाच्याही लक्षात आलं. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि खोलीला कुलूप लावलं.

त्या आठवड्यात मामा बिघडला. मंगळवारी तो पिशवी घेऊन सकाळीच बाहेर पडला, दुपारी आला तेव्हा गुडघ्यांना विटांचा चुरा. कुठे गेला होतास विचारलं तर म्हणाला, "दात दाखवायला." मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तुझा मामा माझ्यासमोर तोंड उघडेल असं वाटतं तुला?" बुधवारी क्लबातली काचेची चौकट भिंतीवरून गायब. गुरुवारी मामीचा फोन, दबक्या आवाजात: "अगं, यांचं काहीतरी बिनसलंय. खोलीचं दार लावून बसतात. मी गेले की कागद पालथे करतात. आज चहा न चाखताच प्यायले."

हे शेवटचं ऐकून मीही घाबरले.

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते मला कळायला लागलं होतं. मामा चिमणीपाशी जाऊन आला होता. त्याला तिथे काय सापडलं ते तो कोणाला सांगत नव्हता. यादी काढून घेतली होती. उद्या नवी यादी लागेल, बारावा आकडा गुपचूप बदललेला असेल, आणि मामीचा भाऊ जन्मभर खोटारडाच राहील. मला मामाचा एवढा राग आला की अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने सगळ्या गावाचे तराजू पालथे केले त्याने आता स्वतःचे कागद पालथे करून ठेवले होते. शनिवारपर्यंत वाट बघायची, आणि मग मामीला मी स्वतः सांगायचं, असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी मामा माझ्या दारात. दाढी केलेली नाही, हातात जाड पाकीट.

"गाडी काढ."

"कुठे जायचंय?"

"काढ म्हटलं ना."

गाडीत त्यानेच सुरुवात केली. बाकीच्या अकरा खुणा त्याने नकाशावरून घेतल्या होत्या. नकाशात मिनिटं आणि सेकंद असतात. आमच्या यंत्रांना सेकंद नको असतात, मिनिटांचा दशांश लागतो. म्हणून त्याने प्रत्येक खुणेचे सेकंद साठने भागून लिहिले होते. बारावी खूण मागाहून आली. कारखान्याच्या जुन्या वॉचमनने फोनवर आकडा सांगितला: चौदा मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. मामाने फोन खांद्याशी दाबून तो तसाच यादीत उतरवला. चौदा पॉइंट अठ्ठेचाळीस. हवं होतं चौदा पॉइंट ऐंशी.

"किती फरक पडतो?" मी विचारलं.

"सहाशे मीटर. चिमणीला पाठ टेकून तीनदा बघितलं. दोन वेगवेगळ्या यंत्रांवर."

म्हणजे नऊ वर्षं आम्ही सगळे चुकीच्या जागेला वळसा घालत होतो आणि मामा आम्हाला त्याच चुकीच्या जागेवरून पास करत होता. यंत्राकडे बघणारे सगळे पास झाले. खिडकीबाहेर बघणारा एकटा नापास झाला.

"नोकरीत असताना दर वर्षी माझी स्वतःची वजनं वरच्या ऑफिसात तपासायला पाठवायचो," मामा म्हणाला. "त्याशिवाय दुसऱ्याच्या तराजूला हात लावायची परवानगीच नव्हती. ही यादी नऊ वर्षांत कोणाकडून तपासून घेतली नाही गं."

मग त्याने पाकिटातून एक कागद काढून माझ्या पुढ्यात धरला. माझ्याच उड्डाणाचा. 'मंजूर' खोडून खाली 'नामंजूर' लिहिलं होतं, सही, तारीख, सगळं व्यवस्थित. मला रडायला आलं आणि हसायलाही. शिव्या द्याव्यात असंही वाटलं. पण त्याच्यावरचा माझा सगळा संशय त्या एका शब्दाने पुसला गेला.

घड्याळकाकांचं दुकान अरुंद आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, म्हणून मी पायरीवर उभी राहिले. काका मोठ्या दिव्याखाली बसून कोणाच्या तरी घड्याळाचा पट्टा बदलत होते. त्यांनी मान वर केली. मामाला ओळखायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"कोणी पाठवलं?" काका म्हणाले. "ताईने?"

"तिला माहीत नाही."

"मग काय काम?"

मामाने पाकीट काउंटरवर ठेवलं. नऊ वर्षांपूर्वीचे ठिपके त्याने जपून ठेवले होते, आणि खऱ्या चिमणीवरून ते पुन्हा मोजून आणले होते. मग म्हणाला, "त्रेपन्न मीटर. चिमणीपासून. तू वळसा घातला होतास. आकडा माझा चुकला होता."

काकांनी कागद उचलला, दिव्याखाली धरला, एक जाड भिंग डाव्या डोळ्याला लावलं. आधी वरून खाली, मग खालून वर. मागची बाजू उलटून बघितली.

"यात तुमचा काय डाव आहे?"

"काही नाही."

"बिल्ला मिळतो आता?"

"नाही. सहा महिन्यांत दावा करावा लागतो. मी बिल्ला देणाऱ्या समितीला लिहिलंय, पण मिळणार नाही."

"मग पुन्हा उडायला बोलावताय?"

"येशील?" मामा पटकन म्हणाला. इतक्या पटकन की मला त्याची दया आली.

काकांनी भिंग खाली ठेवलं. "उजव्या डोळ्याच्या मधोमध काळा डाग आलाय, भाऊजी. तीन वर्षं झाली. आतली चाकं दिसत नाहीत, म्हणून पट्टे आणि सेल बदलत बसतो. मला कोण उडू देणार? मी तर डोळ्यांनीच उडायचो."

मामाने काउंटरची कड धरली. माझ्या मामाला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही नीट पाहिलं नाही, रस्त्याकडे तोंड केलं. मला फक्त त्याचा आवाज ऐकू आला. "सगळ्यांसमोर बोललो होतो. सगळ्यांसमोरच परत घेतो. उद्या क्लबात." मग काहीतरी अस्पष्ट, आणि मग, "चुकलं रे माझं."

दुकानातली घड्याळं आपापली वेळ सांगत होती, त्यातली दोन एकमेकांशी जुळत नव्हती. मामाच्या ते लक्षात आलं असणार, पण त्याने ब्र काढला नाही. काकांनी पट्ट्याचं राहिलेलं टोक आत खोचलं, कागदाची घडी घातली आणि शर्टच्या खिशात ठेवली.

"ताईला सांगा, पुढच्या रविवारी जेवायला येतो," ते म्हणाले. मग दिवा सरळ करत, मामाकडे न बघता, "तुम्ही घरी असलात तरी चालेल."

परत येताना मामाने मला चार वेळा विचारलं की तो असंच म्हणाला ना, की आपण चुकीचं ऐकलं. मी चारही वेळा हो म्हटलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा त्याला गाडीतून उतरवायची धमकी दिली.

मामी दारातच उभी होती. आम्हा दोघांचे चेहरे बघून तिने काहीतरी वाईटच धरलं आणि चौकटीला हात टेकला. मामा माझ्या मागे लपला, अक्षरशः लपला. म्हणून मलाच सगळं सांगावं लागलं: चिमणी, सेकंद, त्रेपन्न मीटर. तिला त्यातलं एकही अक्षर ऐकायचं नव्हतं.

"तो काय म्हणाला ते सांग. जसंच्या तसं."

"ताईला सांगा, पुढच्या रविवारी जेवायला येतो. तुम्ही घरी असलात तरी चालेल."

मामी पायरीवर बसली. पदराने डोळे पुसले.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.