चिखलाला म्हणतात तीन

नागपूरजवळच्या शहापूरची डिंपल नागपूरच्याच विद्यापीठात इंग्रजीत एम.ए. करत होती आणि दुपारच्या वर्गात अरबी शिकत होती. अरबी कशाला, या प्रश्नाला तिच्याकडे मोठं उत्तर नव्हतं. उजवीकडून डावीकडे लिहिलेलं माणसं वाचतात तरी कशी, हे तिला बघायचं होतं.

अरबीच्या मॅडमनी एक काम दिलं. नवा शब्द कसा लक्षात ठेवता, ते महिनाभर लिहून काढायचं, दोन्ही भाषांचं. डिंपलने लिहायला घेतलं आणि तिलाच नवल वाटलं. इंग्रजी शब्द ती तोंड मिटून वीस-वीस वेळा वहीत लिहायची. अरबी शब्द मात्र बसस्टॉपवर, अंगणात, मोठ्याने म्हणायची. असं का?

त्या रविवारी घरच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी होती. बायका ओळीने वाकलेल्या. डिंपलही आई सुशीलाबाईंच्या शेजारी पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, रोवत पुटपुटत होती.

"काय म्हणून राहिली वो?" ओळीतल्या कुंताबाईंनी विचारलं.

"चिखलाले अरबीत तीन म्हणतेत, काकू."

"तीन? मंग चार कायले म्हणतेत?"

बांधीभर हसू पसरलं. डिंपलही हसली. मग प्रश्नांची रांगच लागली. पाण्याला काय, हाताला काय? चुकलं तरी पकडणारं कोणी नव्हतं. आणि तिथेच तिला उमगलं. अकरावीत तिने 'डेव्हलप'चं 'डेव्हलोप' वाचलं होतं, वर्ग आठवडाभर हसला होता. तेव्हापासून तिचं इंग्रजी वहीबाहेर पडलंच नव्हतं.

"आता इंग्रजीत सांग," आई म्हणाली. "पऱ्ह्याले काय म्हणतेत?"

"प्लांट."

"अन् रोवायले?"

"तेही प्लांटच."

"सारंच प्लांट? मंग त्याईले समजते कसं?"

हा प्रश्न डिंपलने वर्गात नेला. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला तिने हात वर केला, वर्षभरात पहिल्यांदा. सरांनी 'सीडलिंग' आणि 'ट्रान्सप्लांट' हे शब्द दिले, आणि उलट विचारलं, "उपटून पुन्हा का लावतात?" सर मूळचे शहरातले, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. डिंपल अडखळत, काळ चुकवत, दहा मिनिटं इंग्रजीत बोलली. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. तरी वाक्य तिने पूर्ण केलं.

मॅडमच्या कामात तिला पन्नासपैकी एकतीस मिळाले. पानं कमी भरली होती. पण तोवर तिला वेगळाच नाद लागला होता. वर्गातली खुशबू अरबी क्रियापदं भजनाच्या चालीवर म्हणते, अमर स्वतःचा आवाज मोबाइलवर टिपून जेवताना ऐकतो. डिंपल प्रत्येकाला गाठून विचारते, "तू कसं पाठ करतोस? पण असंच का?"

एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने हाच विषय दिला आहे. मंजुरी अजून यायची आहे.